पहाटेचा दोर: कल्पनाध्यानातून देहाबाहेर

कल्पनाध्यान म्हणजे मनात एखादी कृती रंगवत केलेलं ध्यान; इथे त्यातून देहाबाहेर पडल्याचा अनुभव घ्यायचा आहे. रात्री अंथरुणाला पाठ टेकताच हे करायला गेलात तर सरळ घोरायला लागाल. साडेचार-पाच तास झोप काढून उठा, वीसेक मिनिटं जागे राहा, मग उताणे पडा. पहाटे स्वप्नांची झोप लांबते, म्हणून ही वेळ.

सूचना आदल्या दिवशीच मोबाइलवर स्वतःच्या आवाजात, संथपणे रेकॉर्ड करा. पहिली १० मिनिटं अंगठ्यापासून टाळूपर्यंत एकेक अवयव सैल सोडायचा. मग मनातल्या मनात छातीवर लोंबणारा काथ्याचा दोर. तो बघू नका, चाचपा: तळव्याला टोचणारे तंतू, पीळ, खांद्यावरचा ताण. एक हात, मग दुसरा, चढत राहा. खरे स्नायू आवळले की सगळं फिसकटतं.

कानात गुणगुण, अंगभर थरथर, हलता न येणं, हा निद्रापक्षाघात. तो आपोआप ओसरतो. भीती वाटली तर बोटाचं टोक हलवून पाहा. ‘निघालो!’ म्हणून हुरळलात तरी जाग येतेच.

आत्मा खरंच बाहेर पडतो? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या जिनिव्हातल्या प्रयोगात मेंदूच्या उजव्या भागाला विद्युतप्रवाह देताच रुग्णाला स्वतःचं शरीर वरून दिसलं होतं. म्हणजे हा अनुभव मेंदूच घडवत असावा; आमचा कल तिकडेच.

दोर चढायला जाताना मनात एकच प्रश्न सोबत न्या, जे अनुभवाल ते उठताच वहीत उतरवा. फिट्स किंवा भ्रमाचा आजार असेल तर या वाटेला जाऊ नका.