विंडोज ७ चे आयकॉन बिघडले? फॉरमॅट करण्याआधी हे बघा

इंदुरात स्मरणिका, लग्नपत्रिका, मंडळाचे अहवाल लावणारे काही जण अजून विंडोज ७ वरच आहेत. पानं लावायचं पेजमेकर सॉफ्टवेअर तिथे आहे, मराठी फॉन्ट तिथे आहेत, हात बसलेला आहे. एके दिवशी आयकॉन पांढरे पडतात आणि दुरुस्तीवाला म्हणतो, “भिया, फॉरमॅट मारना पड़ेगा.” थांबा. आयकॉन गेला म्हणजे फाइल गेली असं नाही. आधी काय बिघडलंय ते ओळखा.

एकाच प्रकारच्या फायली पांढऱ्या दिसत असतील, तर त्या कशात उघडायच्या हे विंडोजला कळत नाहीये. फाइलवर राइट-क्लिक, ‘ओपन विथ’, मग ‘चूज डिफॉल्ट प्रोग्राम’. योग्य प्रोग्राम निवडून खालच्या ‘ऑलवेज’च्या चौकटीत टिक करा. पेजमेकर ६.५ च्या फायलींच्या नावाचं शेपूट, म्हणजे डॉटनंतरची अक्षरं, ‘पी६५’, तर ७ च्या फायलींचं ‘पीएमडी’. त्यामुळे ७ असलेल्या संगणकावर जुनी फाइल पांढरी दिसली तरी घाबरू नका; पेजमेकरच्याच ‘फाइल – ओपन’मधून ती उघडा आणि नव्या नावाने सेव्ह करा.

सगळेच आयकॉन चुकीचे किंवा काळे दिसत असतील, तर दोष आयकॉनच्या साठ्याचा. विंडोज आयकॉनची चित्रं ‘आयकॉनकॅश डॉट डीबी’ या लपवलेल्या फाइलमध्ये ठेवतं. ती काढून टाकली की विंडोज नवी बनवतं.

१. उघडी कामं सेव्ह करून बंद करा. कुठलंही फोल्डर उघडून ‘ऑर्गनाइझ – फोल्डर अँड सर्च ऑप्शन्स – व्ह्यू’मध्ये लपवलेल्या फायली दाखवायला सांगा.

२. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा. टास्क मॅनेजरच्या ‘प्रोसेसेस’मध्ये ‘एक्सप्लोरर डॉट ईएक्सई’ (डेस्कटॉप आणि फोल्डर दाखवणारा प्रोग्राम) निवडून ‘एंड प्रोसेस’. डेस्कटॉप आणि खालची पट्टी गायब होईल. ते व्हायलाच हवं. एक्सप्लोरर चालू ठेवून फाइल उडवली, तर संगणक बंद होताना तो जुनाच साठा पुन्हा लिहून ठेवू शकतो.

३. टास्क मॅनेजरमध्येच ‘फाइल – न्यू टास्क – ब्राउझ’. खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा. सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमच्या नावाचं फोल्डर, अ‍ॅपडेटा, लोकल असं आत जा आणि ‘आयकॉनकॅश डॉट डीबी’ फाइल तिथेच डिलीट करा. शेजारच्या कशालाही हात लावू नका.

४. ‘कॅन्सल’ करून ‘न्यू टास्क’च्या चौकटीत एक्सप्लोरर टाइप करा, एंटर मारा. मग संगणक एकदा रीस्टार्ट करा.

पेनड्राइव्हवरच्या सगळ्या फोल्डरवर अचानक छोटा बाण आला, तर मामला वेगळा. तो बहुधा व्हायरस. खरी फोल्डरं त्याने लपवलेली असतात. बाणावर डबल-क्लिक मुळीच नको. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला आधार देणं थांबवलं, म्हणून अशा पेनड्राइव्हची तपासणी ताजा अँटिव्हायरस असलेल्या दुसऱ्या संगणकावर करा. मग तिथल्या ‘व्ह्यू’मध्ये लपवलेल्या फायली दाखवायला सांगा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची टिकही काढा. खरी फोल्डरं फिकट रंगात दिसतील. आतल्या कामाच्या फायली, फक्त त्याच, नव्या फोल्डरमध्ये कॉपी करून घ्या.