सेल वॉल, मेम्ब्रेन आणि मधली जागा

अकरावी सायन्सला असा, नीटची तयारी करत असा की बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, पेशीभित्तिका आणि पेशीपटल यांतले फरक तुम्हाला तोंडपाठ असणारच. भित्तिका निर्जीव, पटल सजीव. भित्तिका वनस्पती, बुरशी, जिवाणूंना, पटल सगळ्यांना. तो तक्ता मी पुन्हा काढत नाही. तक्ता पाठ असूनही मार्क कुठे जातात, तेवढं सांगते.

जातात रससंकोचात, म्हणजे दाट द्रावणात ठेवलेल्या पेशीतलं पाणी बाहेर जाऊन तिचा आतला भाग आकसतो त्या भागात. आणि नीटला चुकलं की वरून एक मार्क कापला जातो, हे वेगळंच.

ऱ्हिओ या शोभेच्या झाडाचं पान तिरकं मोडून खालच्या बाजूचा जांभळा पापुद्रा सोला. कुठलं पान नीट सोललं जातं हे सरांपेक्षा लॅबमधल्या काकांना जास्त कळतं, त्यांनाच विचारा. (माझं स्पष्ट मत आहे की प्रॅक्टिकल शिकायचं तर लॅबच्या काकांकडूनच.) पापुद्रा स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठेवून कव्हरस्लिप लावा. एका कडेने मिठाचं दाट पाणी सोडा, समोरच्या कडेला फिल्टर पेपर टेकवून ते आत ओढून घ्या आणि डोळा आयपीसवरून हलवू नका. आधी पेशीच्या कोपऱ्यांतून जांभळा रंग सुटतो, मग कडांवरून, आणि शेवटी मधोमध एक गोळा उरतो. भित्तिकेची षटकोनी चौकट मात्र होती तिथेच असते.

आता सांगा, चौकट आणि गोळा यांच्या मधल्या जागेत काय आहे?

कुणी निर्वात म्हणतं, कुणी हवा, कुणी पेशीतून सुटलेलं शुद्ध पाणी. मी कितीतरी दिवस पाणीच धरून बसले होते. आतून पाणी येतं हे खरंच आहे, पण ते तिथे वेगळं साठून राहत नाही. त्या जागेत असतं बाहेरचंच मिठाचं पाणी. तुम्ही ड्रॉपरने सोडलेलं द्रावण भित्तिका ओलांडून थेट आत गेलं आणि पटलापाशी अडलं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

बसत का नाही, तर आकृत्यांमुळे. पुस्तकात भित्तिका जाड, गडद हिरवी आणि पटल आत चिकटलेली बारीक रेघ. साहजिकच वाटतं की अडवायचं काम जाड्याचं. प्रत्यक्षात भित्तिका म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची जाळी, मध्ये हेमिसेल्युलोज आणि पेक्टिन. तिची छिद्रं साधारण 4-5 नॅनोमीटरची. मीठ, साखर, अमिनो आम्लं त्यातून आरामात जातात, अडकतात ती मोठाली प्रथिनं. पटल जेमतेम 7-8 नॅनोमीटर जाड, पण त्याचा मधला थर तेलकट. सोडियमचा आयन त्या छिद्रांपेक्षा कितीतरी लहान, तरी अडतो, कारण त्याच्यावर प्रभार आहे. प्रथिनाची वाट मिळाली तरच तो आत शिरतो. पाण्यासाठी अशीच वेगळी वाट असते, ॲक्वापोरिन. तिच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

थोडक्यात, अडवणं जाडीवर ठरत नाही. विश्वास बसत नसेल तर ऱ्हिओचा दुसरा तुकडा गरम पाण्यात उकळून पाहा. भित्तिकांची चौकट जशीच्या तशी, पण जांभळा रंग सगळीकडे पसरलेला. पटलं मेली, रंग बाहेर आला. भित्तिका शाबूत असूनही तिने काही अडवलं नाही.

जाडीचा अंदाज हवा असेल तर वहीत 1 मिलिमीटरची रेघ म्हणजे पटल असं धरा. मग साधी प्राथमिक भित्तिका दोन-अडीच सेंटिमीटर जाड काढावी लागेल आणि 50 मायक्रोमीटरची पेशी जवळजवळ साडेसहा मीटर लांब. म्हणूनच तोंडी परीक्षेत मायक्रोस्कोपकडे बोट दाखवून 'मेम्ब्रेन दाखव' म्हटलं की घाबरू नका, ते दिसत नाही. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण 200 नॅनोमीटरखालचं वेगळं दाखवता येत नाही. कांद्याच्या पापुद्र्यात दिसते ती रेघ भित्तिकेची. रससंकोचात जांभळ्याची कड दिसते ती रिक्तिकेची (पेशीतल्या रंगीत रसाच्या पिशवीची), पेशीपटल तिच्याबाहेर अगदी लगत. हे नीट सांगितलंत तर परीक्षक पुढचं फारसं विचारत नाहीत.

एक अपवाद मात्र खरोखर समजून घ्या. मुळाच्या अंतस्त्वचेत भित्तिकेवर सुबेरिनची कॅस्पेरियन पट्टी असते, तिथे पाण्याला भित्तिकेतून जाता येत नाही, पटल ओलांडावंच लागतं. 'भित्तिका पूर्ण पार्य' (म्हणजे सगळं आरपार जाऊ देणारी) हे वाक्य डोळे झाकून लिहिणाऱ्यांना इथेच फटका बसतो. बाकीच्या अपवादांच्या छापील याद्या वाटतात ना, त्या मला अजिबात पटत नाहीत. शॉर्टकट म्हणून घेतलेली यादी परीक्षेच्या आदल्या रात्री डोक्यात नुसता गोंधळ घालते.

कोणाची भित्तिका कशाची हे मात्र पाठच करावं लागतं, त्याला इलाज नाही. वनस्पती सेल्युलोज, बुरशी कायटिन, जिवाणू पेप्टिडोग्लायकन, डायटमना सिलिका. आर्कियांत (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) पेप्टिडोग्लायकन नसतं. दोन दिवसांत होतं, काळजी करू नका.

मायक्रोबायोलॉजी घेणार असाल तर इथून पुढे खरी मजा आहे. तांबडी रक्तपेशी साध्या पाण्यात फुटते आणि ऱ्हिओची पेशी फुटत नाही, कारण आतला दाब भित्तिका पेलते. पेनिसिलिन याच गोष्टीवर घाव घालतं. जिवाणू भित्तिका विणत असताना तिचे आडवे टाके ते घालू देत नाही, मग आतल्या दाबाने पटल फुटतं. आपल्या पेशींना भित्तिकाच नाही, त्यामुळे तिथे त्याचं काही चालत नाही. उलट ॲम्फोटेरिसिन बी हे बुरशीवरचं औषध पटलातल्या अर्गोस्टेरॉलला धरतं. आपल्या पटलात त्याचाच भाऊबंद कोलेस्टेरॉल आहे, म्हणून ते औषध मूत्रपिंडाला जड जातं आणि डॉक्टर जपून देतात.

मायकोप्लाझ्मा या जिवाणूला पेनिसिलिन का लागू पडत नाही, हे आता तक्ता न उघडता लिहून पाहा. जमलं तर ग्रॅम स्टेनिंगकडे वळा, म्हणजे जिवाणू रंगवून ते जांभळे राहतात (ग्रॅम पॉझिटिव्ह) की गुलाबी दिसतात (ग्रॅम निगेटिव्ह) हे पाहण्याकडे. पण तिथे कल्चर (वाढवलेले जिवाणू) 18 ते 24 तासांचंच घ्या. जुन्या कल्चरमधल्या ग्रॅम पॉझिटिव्ह पेशींच्या भित्तिका खराब होतात, अल्कोहोलने जांभळा रंग निघून जातो, पेशी गुलाबी दिसतात आणि जर्नलमध्ये निकाल उलटा लिहिला जातो.