सिंहस्थाच्या गर्दीआधी पेज, नंबर आणि वेबसाइटची तयारी

सगळ्यात आधी रिकव्हरीचा नंबर बघा, बाकीचं नंतर. जीमेल, फेसबुक, इन्स्टाग्राम, वेबसाइटचं होस्टिंग (साइट जिथे ठेवलेली असते ती जागा), डोमेन (साइटचा पत्ता) अशा प्रत्येक ठिकाणी सेटिंगमध्ये जा आणि तिथे कोणता मोबाइल आणि कोणता ईमेल लिहिलाय तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. ‘माझाच असणार’ म्हणून पुढे जाऊ नका. गेल्या पावसाळ्यात आमच्या होमस्टेचं पेज दुसऱ्याच्या ताब्यात गेलं तेव्हा पासवर्ड चांगला लांबलचक होता. पण खातं परत मिळवायचा कोड ज्या नंबरवर जायचा ते सिम रिचार्जअभावी केव्हाच बंद पडलं होतं, आणि नंबर बदलायचा राहून गेला होता. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कुणालाही देऊ शकते. म्हणजे तुमच्या खात्याचा कोड उद्या एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर येऊन पडेल.

ही तयारी आत्ताच करायची, कारण नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि अमृतस्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. पंचवटी, गंगापूर रोड, त्र्यंबकेश्वर, जिथे जिथे खोल्या भाड्याने मिळतात तिथे बाहेरगावचे लोक फोनवरूनच पैसे भरणार. प्रयागराजला २०२५ च्या महाकुंभात तंबू आणि कॉटेज बुकिंगच्या खोट्या वेबसाइट निघाल्या होत्या आणि पोलिसांना लोकांना सावध करावं लागलं होतं. इथेही तेच होणार असं धरून चाला. आपल्या नावाने कुणी भाविकाला लुटलं तर तो रामकुंडावर नाही, आपल्या दारात येऊन उभा राहतो.

नंबरनंतर ईमेल. ज्या जीमेलवर बाकीची सगळी खाती बांधलेली आहेत ते एक गेलं की सगळंच गेलं, कारण प्रत्येक ठिकाणचं ‘पासवर्ड विसरलो’ तिथेच येतं. त्या ईमेलचा पासवर्ड इतर कुठेही वापरलेला नसावा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू करा, आणि शक्य असेल तर एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनमध्येच कोड तयार करणारं ॲप) किंवा पासकी (फोनच्या लॉकने किंवा बोटाच्या ठशाने लॉगिन) घ्या. तुमच्या नावाने दुसरं सिम काढून एसएमएस पळवता येतो, ॲपमधला कोड तसा पळवता येत नाही. नवीन फोन घेताना मात्र हे ॲप आधी नव्या फोनवर आणा आणि मगच जुना फोन एक्स्चेंजला द्या. गूगल दहा बॅकअप कोड देतं, आठ-आठ आकड्यांचे, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर उतरवून घरातल्या महत्त्वाच्या कागदांच्या फायलीत ठेवा. फोनच्या गॅलरीत स्क्रीनशॉट काढून ठेवू नका, फोन गेला की कोडही गेले. आणि हे करतानाच, त्याच पानावर, रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल पुन्हा एकदा वाचा. तिथे मुलाचा कॉलेजातला जुना ईमेल असेल तर तो काढा.

पासवर्डबद्दल जास्त लिहीत नाही. लांब ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा, घराचं किंवा मुलांचं नाव नको.

व्हॉट्सॲपवर सहा आकडी पिन लावा: सेटिंग, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. पिन लावताना ईमेल विचारतं, तो भराच. पिन नसलेला नंबर कुणी आपल्या फोनवर सुरू केला आणि स्वतःचा पिन लावला, तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागतं. तुम्ही एसएमएसवर आलेला कोड टाकला की तो बाहेर पडतो, पण ऐन हंगामात सात दिवस तुमचं व्हॉट्सॲप बंद राहतं. ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून ओळखीची नसलेली उपकरणं काढून टाका. ‘मतदान करा’, ‘फोटो बघा’ असं म्हणून कुणी आठ अक्षरी कोड व्हॉट्सॲपमध्ये टाकायला सांगितला तर टाकू नका. त्या कोडने तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या फोनला जोडलं जातं, आणि तुमच्याकडे सगळं नेहमीसारखं चालू असल्यामुळे लक्षातही येत नाही.

फेसबुक पेजवर एकच माणूस ॲडमिन असेल तर आजच दुसरा नेमा. पूर्ण ताबा घरच्या विश्वासाच्या माणसाला द्या, पोस्ट टाकणाऱ्या मुलाला फक्त कामापुरता ॲक्सेस द्या. पूर्ण ताबा असलेला माणूस तुम्हालाच पेजवरून काढू शकतो, हे लक्षात असू द्या. काम सोडून गेलेल्यांची नावं त्याच दिवशी काढा. नेमलेल्या प्रत्येकाचा रिकव्हरी नंबरही चालू आहे ना ते विचारा. हो, त्यांचाही. पेजवर शिरायला चोराला कुणाचंही एक खातं पुरतं.

आता तो मेसेज, ज्यामुळे पेजं जातात. मेसेंजरवर ‘मेटा सपोर्ट’ अशा नावाने, निळ्या चिन्हाच्या फोटोसह येतो: तुमच्या पेजने कॉपीराइटचा भंग केला आहे, २४ तासांत अपील करा, नाहीतर पेज कायमचं बंद. खाली लिंक. लिंकवरचं पान हुबेहूब खऱ्यासारखं दिसतं आणि पासवर्डपाठोपाठ कोडही मागतं. असा मेसेज आला की लिंक उघडायचीच नाही. पेजवर खरोखर कारवाई झाली असेल तर ती पेजच्याच सेटिंगमधल्या ‘पेज स्टेटस’मध्ये दिसते, तिथे जाऊन बघा. रात्री अकराला, दिवसभराच्या पाहुण्यांनंतर थकलेल्या डोळ्यांनी तर अजिबात काही भरू नका.

गूगल मॅपवरचा आपला फोन नंबर दर आठवड्याला तपासा. हे फार कमी लोक करतात. मॅपवर कुणीही ‘सजेस्ट ॲन एडिट’ दाबून दुकानाचा नंबर बदलण्याची सूचना पाठवू शकतो, आणि कधी कधी ती मंजूर होऊन जाते. मग पुण्याहून फोन करणारा भाविक तुम्हाला नाही, चोरालाच फोन करतो. आपलं प्रोफाइल आपल्या नावावर क्लेम करा. आपल्या फोनवरून नको, शेजाऱ्याच्या फोनवरून होमस्टेचं नाव शोधा आणि दिसतो तो नंबर लावून बघा. तसं शोधताना आपल्याच फोटोंची दुसरी साइट सापडली तर तिथल्या तिथे तक्रार करा.

वेबसाइट. डोमेन कुणाच्या नावावर आहे? वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाने स्वतःच्या ईमेलवर घेतलं असेल तर ते आत्ताच आपल्या नावावर करून घ्या. तो मुलगा चांगला असेल, पण त्याचा ईमेल गेला की तुमचं डोमेन गेलं. डोमेनच्या खात्यातला मोबाइल नंबर आणि ईमेल बघा. इथे नंबर सगळ्यात जुना असतो, कारण तिथे वर्षातून एकदा पैसे भरण्यापलीकडे कुणी फिरकत नाही. वर्डप्रेस असेल तर अपडेट लगेच करा. न वापरलेलं प्लगिन (साइटला जोडलेलं जादा सॉफ्टवेअर) नुसतं बंद करून चालत नाही, डिलीट करा, कारण बंद प्लगिनमधूनही आत घुसता येतं. लॉगिनचं नाव ‘ॲडमिन’ नको. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवला तर सर्व्हरबरोबर तोही जातो, म्हणून एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती उघडते का ते एकदा बघून ठेवा. आणि पत्त्याशेजारचं कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी, असं कुणालाही सांगू नका. कुलूप एवढंच सांगतं की मधे कुणी वाचत नाही. पलीकडे कोण बसलाय ते कुलपाला माहीत नसतं. बँकांच्या साइटपुरती एक सोपी खूण आहे: रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ वर यायला सांगितलं आहे, म्हणून पत्त्याचा शेवट वाचा.

घरात आणि स्टाफमध्ये जो जो फोन हाताळतो त्याला दोन गोष्टी पढवून ठेवा. एक, व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलान ‘एपीके’ फाइल असेल तर उघडायची नाही. ते ॲप असतं, आणि ते एसएमएस वाचतं. चलान बघायचं तर परिवहनच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या साइटवर स्वतः पत्ता टाकून बघा. दुसरी, ‘मी लष्करातला अधिकारी, जवानांसाठी पाच खोल्या हव्यात, आगाऊ रक्कम पाठवतो, क्यूआर स्कॅन करा’ असा फोन. खोल्या देणाऱ्यांकडे हा फोन हटकून येतो, आणि आपण देवळालीच्या छावणीशेजारी राहत असल्यामुळे लगेच खरा वाटतो. पैसे घेताना कधीही यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा, समोरचा कितीही रागावू दे.

संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा. अनोळखी असेल ते तिथूनच कळवा, आपला जुना बंद नंबर दिसला तर तो कोणकोणत्या खात्यात लिहिलाय ते आठवा आणि प्रत्येक ठिकाणाहून काढा. मी पुन्हा पुन्हा सांगतेय कारण हे एकदा बघून भागत नाही. सिम बदललं, पोर्ट केलं, फोन हरवला, दर वेळी बघायचं.

एवढं करूनही काही घडलंच तर: पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, मग बँक, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. पहिल्या तासात पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. ओटीपी किंवा पिन आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्यावरच येतं, म्हणून लाजत बसू नका. पेज गेलं असेल तर दुसऱ्या ॲडमिनकडून पोस्ट टाका, सगळ्या ग्रुपवर कळवा, सगळीकडून लॉगआउट करा. मेसेज डिलीट करू नका, नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. पोलीस असल्याचं सांगून कुणी व्हिडिओ कॉलवरच अटकेची भीती घातली तर कॉल बंद करा, ‘डिजिटल अरेस्ट’ असं कायद्यात काही नाही. तक्रारीचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा, सायबर पोलीस ठाण्यात आणि बँकेत तोच विचारतात.