कोळशाच्या शोधातली बोअर बुजवताना या चुका टाळा

वणी, माजरी, घुग्गुस या पट्ट्यात बोअर मारली की आधी काळी माती लागते, मग बऱ्याच ठिकाणी 'कामठी' नावाचा वालुकाश्माचा थर आणि त्याच्याखाली कोळसा पोटात घेऊन बसलेला 'बाराकर' हा थर. कामठी पाणी धरून असतो, आसपासच्या विहिरी त्याच्याच जिवावर चालतात. त्यामुळे कोअर (खडकाचा दंडगोल नमुना) काढून रिग, म्हणजे बोअर मारायचं यंत्र, हलवली की मागे उरतो तो नुसता खड्डा नसतो, तो पाण्याला कोळशापर्यंत नेणारा पाइप असतो. शंभर मीटर उंच पाण्याचा तळाशी दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण १० किलो भरतो. उद्या तिथे भुयारी खाण आली तर तो दाब थेट कामगारांच्या डोक्यावर. बरं, हा पाइप हवाही नेतो. गोफमध्ये (कोळसा काढून झाल्यावर छत ढासळलेल्या भागात) राहिलेला कोळसा हवा मिळाली की आपोआप तापू लागतो.

तरीही सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे वरून ओतणे. तोंडापासून दहा-पंधरा फुटांवर गोणपाटाचा बोळा कोंबायचा, वर दोन घमेली सिमेंट टाकायचं, की झाली बोअर 'सील'! बोळा कुजला की वरचं सगळं खाली. बोळा नसला तरी तेच: पाण्याने भरलेल्या बोअरमध्ये वरून सोडलेला घोळ, म्हणजे पाण्यात कालवलेलं सिमेंट, जाता जाता फुटतो, सिमेंट पाण्यात विरतं आणि तळाशी पोहोचतो तो गढूळ गाळ. घोळ ड्रिलच्या पोकळ रॉडमधूनच तळाशी सोडायचा. रॉड जसजसे वर ओढाल तसतसं त्यांचं टोक घोळात बुडालेलं राहिलं पाहिजे. वर आधी पाणी येईल, मग पातळ, मग घट्ट घोळ. घट्ट दिसेपर्यंत पंप थांबवू नका.

बोअर नीट भरली की नाही हे सिमेंटच्या गोण्या सांगतात. रजिस्टरवरच्या सहीपेक्षा माझा रिकाम्या गोण्यांवर जास्त विश्वास आहे. हिशोब सोपा आहे. एनक्यू आणि एचक्यू ही बोअरची दोन ठरलेली मापं. एनक्यू बोअरचा व्यास ७५.७ मिलिमीटर, म्हणजे दर मीटरला साडेचार लिटर. एचक्यू ९६ मिलिमीटर, दर मीटरला सव्वासात लिटरच्या आसपास. ५० किलोची गोणी २५ लिटर पाण्यात कालवली की सुमारे ४१ लिटर घोळ होतो. मग १५० मीटर एनक्यूला सोळा-सतरा गोण्या, एचक्यूला सव्वीस-सत्तावीस. वालुकाश्म कुठेकुठे खाल्लेला असतोच, म्हणून चार-पाच जास्त हाताशी ठेवा.

नऊ गोण्यांतच एनक्यू तोंडापर्यंत आली तर खूश होऊ नका. मध्ये कुठेतरी भिंत ढासळून बूच बसलंय आणि खाली पोकळी आहे. घोळ ओला आहे तोवर रॉड पुन्हा उतरवा, धुऊन तळ गाठा, नव्याने भरा. उलट तीस गोण्या जाऊनही पातळी चढत नसेल तर घोळ भेगेत किंवा जुन्या खाणकामाच्या पोकळीत पळतोय. तिथे पंप रेटून उपयोग नाही. थांबा, त्या जागी बूच बसवा, थोडा घोळ टाकून घट्ट होऊ द्या, मग वरचा टप्पा घ्या.

घोळात बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी माती) घालणार असाल तर ते आधी नुसत्या पाण्यात फुगवा, सिमेंट नंतर. क्रम उलटा झाला की सिमेंटमधला चुना त्याला फुगू देत नाही आणि पैसे वाया जातात. आणि दुसऱ्या दिवशी परत जा. पाणी सुटून घोळ खाली बसतो, तेवढी भर घालावीच लागते.

पाणी आपोआप वर वाहत असलेली बोअर वेगळी. तिच्यात साधा घोळ धुऊन जातो. केसिंगचा, म्हणजे बोअरच्या भिंतीला आधार देणाऱ्या लोखंडी पाइपचा, तुकडा वर जोडून पाणी किती उंचीवर स्थिर होतं ते पाहा, प्रवाह थांबला की मगच भरा.

लॉगिंग, म्हणजे बोअरमध्ये उपकरण सोडून थरांची मोजणी, बुजवण्याआधी उरका. किरणोत्सारी स्रोत असलेलं उपकरण आत अडकलं तर त्यावर सिमेंट ओतून मोकळं व्हायचं नाही, अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवावंच लागतं.

केसिंग घोळ ओला असतानाच ओढायचं. एकदा घट्ट झालं की निघत नाही. राहिलंच, तर जमिनीखाली मीटरभर तरी कापा आणि तशी नोंद करा. नाहीतर उद्या ओपनकास्ट (उघडी खाण) आली की ते खोदणाऱ्या शॉव्हेल यंत्राच्या बकेटला लागेल, किंवा कोळशासोबत पट्ट्यावर चढून क्रशरपर्यंत जाईल.

नोंदीत नुसतं 'बुजवली' लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. अक्षांश-रेखांश, तोंडाची उंची, खोली, किती गोण्या, कुठे बूच, किती केसिंग आत, सगळं हवं. बोअर सरळ जाते असंही धरू नका. एका अंशाचा कल असला तरी २०० मीटरवर ती साडेतीन मीटर बाजूला गेलेली असते. खाणीतल्या सर्व्हेयरला तोंडाचा नव्हे, त्या खोलीवरचा बिंदू लागतो.

राहिला बोअर मारताना चिखल साठवायला खणलेला खड्डा. ओल्या चिखलावरच माती लोटली तर वरून कोरडं दिसतं आणि पेरणीला बैलाचा पाय आत जातो. आधी पाणी उपसा, चिखल सुकू द्या, मग मुरूम थराथराने दाबा. खणताना वेगळी ठेवलेली काळी माती शेवटी, थोडी उंचच भरा. रिगच्या चाकांनी दबलेली जागाही नांगरून द्या. पहिला मोठा पाऊस झाला की एक चक्कर मारा. जागा बसलेली असतेच, तेव्हा ट्रॉलीभर काळी माती सोबत न्या.