पावसाळ्यात फिशटँकचं पाणी फिशटँकमध्येच कसं ठेवायचं

चवथीच्या आठ दिवस आधी आमच्याकडे पेटी उघडतात. तीन वर्षांपूर्वी ह्यांनी ती उघडली, तर भात्याच्या घड्यांमध्ये करडी-हिरवी लव धरलेली. दोन पट्ट्या दाबल्या की खालीच बसत होत्या. भिंतीवर टांगलेला घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याचं आमचं चर्मवाद्य, काढून थाप मारली, तर नाद नाहीच, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज. सासूबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं पेटी ह्याच कोपऱ्यात आहे गो, असं कधी झालं नव्हतं." त्या कोपऱ्यात नवीन वस्तू एकच होती. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला जाताना माझ्या गळ्यात बांधून गेलेला तीन फुटी फिशटँक.

गोव्यात माशेलातलं आमचं घर जुनं, चिऱ्यांचं. ओल आम्हाला नवी नाही. आषाढात चपला हिरव्या होतात, मीठ पाझरतं, आगपेटीच्या काड्या घासून घासून तुटतात. त्यात एका काचेच्या पेटाऱ्याने काय फरक पडणार, असं मलाही वाटत होतं. पण मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे, म्हणून हिशेब मांडून पाहिला.

खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट. म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. २७ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २६ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. सगळी खोली काठोकाठ भरली तरी पाणी लिटरभरसुद्धा होत नाही, ८८० ग्रॅम होतं. जुलैत आर्द्रता ८५ टक्के असते तेव्हा त्यातली ७५० ग्रॅम जागा आधीच भरलेली. उरली १३० ग्रॅम, एक कप चहा. आणि माझा टँक दिवसाला पाऊण लिटर वाफ सोडत होता. थोडी कौलांच्या फटींतून जाते, बाकीची खोलीतली थंड जागा शोधते. कपाटामागची भिंत, फोटोची मागची बाजू, पेटीचा भाता.

पाऊण लिटर हे मी अंदाजाने सांगत नाही. काचेवर पाण्याच्या पातळीला कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा, तारीख लिहा आणि आठवडाभर वरून पाणी घालू नका. तीन बाय एक फुटाच्या टँकमध्ये पातळी एक सेंटिमीटर उतरली की पावणेतीन लिटर पाणी हवेत गेलं. माझं सात दिवसांत दोन सेंटिमीटर उतरलं. तोवर दर दोन-तीन दिवसांनी मी तांब्याने भर घालत होते आणि ते पाणी जातं कुठे हा प्रश्न गणिताच्या बाईंना पडला नव्हता.

दुसरं साधन, आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर. स्वस्तातलं चालेल, पण आधी तपासून घ्या, कारण स्वस्तातली मीटरं थापा मारतात. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळवू नका. ते झाकण आणि मीटर हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ यायला हवा. माझ्या मीटरने ८१ दाखवला, म्हणून मी नेहमी सहा वजा करते. मीठ मात्र बारीक, पाकिटातलं घ्या. मी पहिल्यांदा आगरातलं जाडं मीठ घेतलं आणि भलताच आकडा आला. जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, पावसात ते पाझरतं ते त्यांच्यामुळेच.

पुस्तकी सल्ला असतो की घरातली आर्द्रता ६० च्या खाली ठेवा. चिऱ्यांच्या, कौलारू घरात आषाढात ६०? पोर्चमध्ये पाऊस पडतोय आणि आत वाळवंट, असं होत नाही. मी वेगळं माप धरलं. टँकच्या खोलीत एक रात्र मीटर ठेवलं, दुसऱ्या रात्री आतल्या खोलीत. एकीकडे ८८, दुसरीकडे ८१. हे वरचे सात माझ्या टँकचे. ते घालवायचे, बाकीचे पावसाचे.

सगळ्यात मोठा गुन्हेगार हीटर निघाला. मुलाने तो २८ वर लावून ठेवलेला. पावसात खोली २५-२६ वर येते आणि पाणी हवेपेक्षा गरम असलं की वाफ जोरात निघते. चुलीवर ठेवलेलं आधण आणि माठातलं पाणी यांच्यातला फरक, फक्त सौम्य. माझ्याकडे गप्पी, मॉली, दोन गुरामी आणि काच चाटणारा एक प्लेको. यातल्या कुणालाही २५-२६ अंशांचं पाणी चालतं. गोव्यात अशा माशांना हीटर लावणं म्हणजे मे महिन्यात शाल पांघरणं. पण एकदम बंद करू नका, रोज एक-एक अंश उतरवा, झटक्याने पाणी गार झालं की अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग उठतो. डिस्कससारखे गरम पाण्यातले मासे पाळणाऱ्यांना हीटर सुटणार नाही, त्यांनी पुढचा परिच्छेद दोनदा वाचावा.

झाकण. वर नवा एलईडी टांगायचा म्हणून मुलाने टँकचं मूळ झाकण काढून टाकलं होतं. मी आधी ॲक्रिलिकचा पत्रा कापून आणला. महिन्याभरात तो भाजायला घेतलेल्या पापडासारखा वाकला, कारण त्याची खालची बाजू ओल पिऊन फुगते आणि वरची कोरडी राहते. मग फोंड्याला काचवाल्याकडे माप दिलं. पाच मिलीमीटरची काच, दोन तुकड्यांत, म्हणजे खायला घालताना पुढचाच सरकवायचा. कडा घासून घेतल्या आणि मागच्या कोपऱ्यात नळी-वायरीपुरता काप ठेवला. खरी खुबी आहे ती काच कुठे टेकते यात. टँकच्या काठावर नुसती ठेवली तर खाली जमलेले थेंब कडेने बाहेर ओघळतात आणि स्टँड भिजतो. काठाच्या आत, इंचभर खाली सिलिकॉनने काचेच्या चार पट्ट्या चिकटवून घ्या आणि झाकण त्यांच्यावर बसवा. थेंब जिथून आले तिथेच पडतात.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, मासे गुदमरतील. नाही गुदमरत. मागे दोन बोटं फट आहे आणि फिल्टर पाणी हलवत असतो. गुरामी तर वर येऊन हवेतला श्वास घेतात, त्यांना झाकणाखालची उबदार हवाच सोसते.

बुडबुड्यांकडे कुणी पाहत नाही. एअरस्टोनचा प्रत्येक बुडबुडा फुटताना बारीक तुषार उडवतो. भिंतीवर टँकच्या वरच्या बाजूला पांढरी खर दिसते ना, ती त्या तुषारांतल्या क्षारांची. काळा कागद पाण्यावर वीतभर उंच मिनिटभर धरा, मग उजेडात बघा. माझा कागद मोहरी फेकल्यासारखा ठिपक्यांनी भरला होता. मी एअरस्टोन काढून स्पंज फिल्टर लावला आणि हवेचा कॉक पाव फिरवून मंद केला. काठाला अडकवायचा, धबधब्यासारखा फिल्टर असेल तर पाण्याची पातळी वर ठेवा, म्हणजे धार उंचावरून पडत नाही.

जागा बदलण्यावरून घरात वाद झाला. ह्यांचं म्हणणं, पेटी वडिलांपासून तिथे आहे, पाहुण्याने हलावं. मला पेटी हलवणं सोपं वाटत होतं, पण टँक नैर्ऋत्येच्या भिंतीला लागून होता आणि आमच्याकडचा पाऊस त्याच भिंतीला झोडपतो. चिरा सच्छिद्र दगड, बाहेरून पाणी पितो. आतून वाफ, बाहेरून पाऊस, भिंतीने जावं कुठे? तेव्हा टँकच हलला. पाण्यासकट टँक कधीही ओढू नका, तळाची काच तडकते. मासे त्याच पाण्याच्या बादलीत काढा, चार बोटं पाणी ठेवून बाकीचं उपसा, मग दोघांनी उचला. आता तो आतल्या भिंतीजवळ आहे, मध्ये अर्धा फूट मोकळी जागा सोडून. मागे हात घालून फडकं फिरवता आलं पाहिजे. शेजारी एसीची खोली असेल तर ती भिंतही टाळा, थंड भिंतीच्या ह्या बाजूला घाम फुटतो.

तेव्हाच स्टँडचं पितळ उघडं पडलं. दुकानदाराने वॉटरप्रूफ म्हणून विकलेला, पण आत भुशाचा बोर्ड. पाय भिजलेल्या टोस्टसारखे फुगले होते. आता लोखंडी अँगलचा स्टँड आहे, वर मरीन प्लाय.

भिंतीवरची बुरशी काढताना माशांचा जीव जाऊ शकतो, म्हणून हे नीट वाचा. एअरपंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. तुम्ही ब्लीच, फिनेल किंवा डासांचा स्प्रे मारलात तर त्याचा वास सरळ टँकच्या तळाशी जातो. आधी पंप बंद, झाकणावर ओली चादर, काम अर्ध्या-पाऊण तासात उरकायचं, खिडक्या उघडून वास गेला की पंप चालू. खरं तर स्प्रे लागतच नाही. तोंडाला मास्क बांधा, कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण घाला, फडकं पिळून पुसा. कोरड्या ब्रशने खरवडू नका, बुरशीची धूळ खोलीभर उडते आणि सासूबाईंसारखा दमा असणाऱ्यांची रात्र वाईट जाते. ब्लीच वापरलाच तर त्यात ॲसिड, व्हिनेगर काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो. चुन्याच्या भिंतीवर नुसतं व्हिनेगरही नको, आंबट पदार्थ चुना खातो.

रंगाची घाई करू नका. आम्ही थांबलो आणि डिसेंबरात, भिंत खडखडीत वाळल्यावर, चुन्याचे दोन हात दिले. चुना अल्कधर्मी, त्यावर बुरशी सहजी धरत नाही. वसरीच्या ज्या तुकड्यावर पूर्वी सिमेंट आणि प्लास्टिक पेंट मारला होता तिथे अजून फोड येतात, कारण आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट नाही.

यंत्रांबद्दल थोडक्यात. हातात मावणारी, बिनआवाजाची ती आर्द्रता शोषक यंत्रं घेऊ नका. दिवसाला जेमतेम एक-दोन पेले पाणी काढतात, कपाटाला ठीक. कॉम्प्रेसरवाली मोठी चालतात, पण दारं-खिडक्या बंद करून. उघड्या घरात ती चालवणं म्हणजे मांडवी पेल्याने उपसणं. पेटीच्या खोक्यात मी सिलिका जेलच्या पुड्या ठेवते. कॅल्शियम क्लोराइडचे डबे तिथे ठेवू नका, त्यांत साचलेलं खारट पाणी सांडलं तर लाकूड आणि धातू दोन्ही खातं.

खिडकी कधी उघडायची? पाऊस थांबून ऊन पडलं की. मुसळधार पावसात उघडी ठेवून हवा खेळती राहते असं वाटतं, पण बाहेरचीच हवा भिजलेली असते. आणि टँकच्या डोक्यावरचा पंखा पावसाळ्यात बंद. मे महिन्यात आपण पाणी गार करायला उघड्या टँकवर पंखा सोडतो, ती युक्ती पाण्याची वाफ करूनच चालते.

ह्या जुलैत चिकटपट्टीखाली पाणी आठवड्याला चार मिलीमीटर उतरलं, रोजचं १५० मिलीच्या आसपास. मीटर टँकच्या खोलीत ८२, आतल्या खोलीत ८१. पेटीच्या एका पट्टीला अजून पावसात टाचणीने उचलावं लागतं. दसऱ्यानंतर ऊन तापलं की मी पुढची काच काढून ठेवते, पंखा पुन्हा टँककडे वळवते आणि चिकटपट्टी नव्याने लावते.