बातमीदाराने ‘असामान्य’ असल्याचे पुरावे कसे जमवावेत

अमेरिकेत ‘असामान्य क्षमता’ असलेल्यांसाठीच्या ईबी-१ए या ग्रीन कार्डाच्या वर्गाला लोक ‘आइनस्टाईन व्हिसा’ म्हणतात. ते नाव ऐकूनच आपले अर्धे पत्रकार माघार घेतात. घाबरण्याइतकं त्यात काही नाही. पुलित्झरच्या तोडीचं एखादं पारितोषिक असेल तर उत्तमच; नसेल तर नियमातल्या दहा कसोट्यांपैकी किमान तीन पुराव्यानिशी पूर्ण करायच्या. अर्ज आपला आपण करता येतो, नोकरी देणारा मालक लागत नाही. वकील करायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या खिशावर. मी केला. पण कागद शोधणं, मिळवणं, लावणं हे शेवटी आपल्यालाच करावं लागतं, आणि मराठी वर्तमानपत्रात वाढलेल्या माणसाची दमछाक तिथेच होते.

कारण आपला सगळा जन्म दुसऱ्यांबद्दल लिहिण्यात गेलेला असतो. इथे विचारतात, तुमच्याबद्दल कोणी काय लिहिलं? तुम्ही लिहिलेल्या बातम्यांची पोतंभर कात्रणं या कसोटीला चालत नाहीत. तुमच्यावर, तुमच्या कामावर दुसऱ्या कोणी मोठ्या माध्यमात लिहिलेलं हवं, आणि त्या मजकुराचं शीर्षक, तारीख आणि लेखकाचं नाव द्यावं लागतं. आता आपल्याकडे लेखकाच्या जागी काय छापलेलं असतं? ‘प्रतिनिधी’. फार तर ‘विशेष प्रतिनिधी’. माझ्यावरचा एक चांगला अर्ध्या पानाचा मजकूर असाच बिननावाचा होता. त्या दैनिकाच्या संपादकांकडून लेटरहेडवर पत्र घेतलं: अमुक तारखेच्या अंकातला अमुक मजकूर आमच्या अमुक वार्ताहराने लिहिला. हे पत्र मिळवायचं तर तो संपादक अजून खुर्चीवर असायला हवा. म्हणून परदेशी जायचा विचार डोक्यात आला की हे काम आधी उरका.

दुसरी फसगत ‘विद्वत्तापूर्ण लेखन’ या कसोटीत होते. आपण हजारो बातम्या लिहिल्या म्हणून ती पूर्ण होईल असं वाटतं. तिथे त्या विषयातल्या जाणकारांसाठी लिहिलेले लेख अपेक्षित असतात. जिल्हा परिषदेच्या सभेची बातमी त्यात बसत नाही. पत्रकारितेवरच काही गंभीर लिहिलं असेल, एखाद्या व्यावसायिक नियतकालिकात, तर ते वेगळं काढा.

बातम्यांचा खरा उपयोग ‘मोलाचं मौलिक योगदान’ दाखवायला होतो, आणि माझ्या मते पत्रकाराने सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. बातमी छापून आली, त्यानंतर काय झालं? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या, विषय विधिमंडळात गेला, सरकारने चौकशी समिती नेमली. तुमच्या बातमीमागे अशी साखळी असेल तर तिचा प्रत्येक दुवा कागदावर हवा: लक्षवेधी किंवा तारांकित प्रश्नाचं उत्तर, समितीचा अहवाल, शासन निर्णय, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली असेल तर तो आदेश. त्यात तुमच्या बातमीचा नावानिशी उल्लेख असेल तर सोन्याहून पिवळं. तरीही अधिकारी विचारू शकतो की समाजाचं भलं झालं हे मान्य, पत्रकारितेच्या क्षेत्रात त्याने काय फरक पडला? म्हणून तुमची पद्धत इतरांनी उचलली का, ती पत्रकारितेच्या वर्गात शिकवली जाते का, इतर माध्यमांनी तुमचं श्रेय देऊन पाठपुरावा केला का, हेही शोधा. शिफारसपत्रं उपयोगी पडतात, पण ‘अत्यंत हुशार व मनमिळाऊ’ छापाची नाहीत. पत्रात जे म्हटलंय त्याला जोडकागद हवाच.

पुरस्कारांबद्दल थोडं कटू. ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, गावोगावी शाल-श्रीफळ मिळतं, त्याचे फोटो अर्जात घालू नका. राष्ट्रीय पातळीवर ओळख असलेला पुरस्कार हवा, रामनाथ गोएंका पुरस्कारासारखा. निवडीचे निकष, परीक्षक कोण आणि स्पर्धेत कोण होतं हेही जोडायचं. तसंच अधिस्वीकृती कार्ड किंवा पत्रकार संघाचं सदस्यत्व. वर्गणी भरून किंवा नोकरीमुळे मिळणारी ओळख ही ‘उल्लेखनीय कामगिरीवर मिळालेलं सदस्यत्व’ ठरत नाही. त्यापेक्षा एखाद्या राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारासाठी परीक्षक म्हणून बोलावलं असेल तर ते निमंत्रण आणि काम केल्याचं पत्र जपून ठेवा. परीक्षण ही स्वतंत्र कसोटी आहे.

पगाराचं गणित डॉलरमध्ये करू नका. भारतात काम केलं असेल तर तुलना तिथल्याच पत्रकारांच्या पगाराशी होते.

आणखी एक, तुमचं दैनिक केवढं मोठं आहे हे महाराष्ट्रात कोणाला सांगावं लागत नाही; अमेरिकेत, नेब्रास्कात बसून अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला सांगावं लागतं. ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्सचे खपाचे आकडे जोडा. प्रत्येक मराठी कात्रणाचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, नुसता सारांश चालत नाही. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपण ते करायला सक्षम आहोत, असं भाषांतरकाराने सही करून द्यायचं.

तीन कसोट्या पूर्ण झाल्या म्हणजे जिंकलो, असं नाही. अमेरिकी अपील न्यायालयाच्या २०१० च्या कझारियन निकालानंतर दोन टप्प्यांत तपासणी होते: आधी कसोट्या, मग सगळा पुरावा एकत्र ठेवून हा माणूस खरोखर क्षेत्राच्या अगदी वरच्या थरातला आहे का आणि त्याची कीर्ती टिकून आहे का, हा प्रश्न. त्यामुळे पाच-सात वर्षांपूर्वीचं घबाड आणि पुढे सामसूम, असा अर्ज लंगडा पडतो. अमेरिकेत जाऊन पत्रकारिताच करणार, याचाही पुरावा लागतो. करार नसतील तर तपशीलवार आराखडा चालतो. अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी काम करायचं असेल तर कुठे, कोणासाठी, कोणत्या पैशांवर, हे त्यात लिहा.

अधिक पुरावे मागणारं पत्र आलं, ज्याला सगळे आरएफई म्हणतात, तर उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात. गावाकडून संपादकाचं पत्र मागवायला ते कमीच पडतात.

शेवटी रांग. आय-१४०, म्हणजे हाच ईबी-१ए चा अर्ज, मंजूर झाला म्हणजे कार्ड हातात आलं असं नाही. भारतात जन्मलेल्यांची ईबी-१ मध्येही रांग आहे; ज्या तारखेपर्यंतच्या अर्जांना कार्ड मिळतं, ती तारीख ऑगस्ट २०२३ मध्ये एकदम १ जानेवारी २०१२ पर्यंत मागे ढकलली गेली होती, नंतर पुढे सरकली. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये ती पाहावी लागते. तोवर अमेरिकेत राहून काम करायचं तर साधारण अशाच पुराव्यांवर ओ-१ हा तात्पुरता कामाचा व्हिसा मिळू शकतो, एका वेळी कमाल ३ वर्षांचा; मात्र त्याला मालक किंवा एजंट लागतो. म्हणून फाइल एकदाच नीट लावा, तीच दोन्हीकडे कामाला येते.