ट्राउट-सॅल्मनचा वंशवृक्ष मांडताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जनुकाची कुठली प्रत हाती आहे ते न पाहणं. सुमारे ८ ते १० कोटी वर्षांपूर्वी या कुळाच्या पूर्वजात अख्खा जीनोमच (पेशीतला सगळा डीएनए) दुप्पट झाला आणि आजही बऱ्याच जनुकांच्या दोन-दोन प्रती टिकून आहेत. एका माशाची पहिली प्रत आणि दुसऱ्याची दुसरी प्रत शेजारी ठेवली, तर उत्तर येतं ते दुपटीकरणाचं वय, त्या दोन जातींच्या फाटाफुटीचं नव्हे. घोळ ओळखता येतो: डीएनएतल्या एखाद्या जागी जवळपास प्रत्येक मासा विषमयुग्मी (म्हणजे तिथे दोन वेगळी रूपं असलेला) दिसत असेल, तर बहुधा दोन प्रती एकात मिसळल्या आहेत. अशा जागा सरळ वगळा. तिथे वाचनांची (यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांची) संख्या इतर जागांच्या दुप्पट आहे का, तेही पाहा. तुलनेसाठी पाइक मासा फार उपयोगी, कारण त्याची शाखा या दुपटीकरणाआधीच वेगळी झाली.

केवळ मायटोकाँड्रियाच्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाच्या) डीएनएवर विसंबू नका. तो फक्त आईकडून येतो, आणि हे मासे सहज संकर करतात. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात एका तळ्यातल्या ब्रूक ट्राउटमध्ये आर्क्टिक चार या दुसऱ्या जातीचाच मायटोकाँड्रिया सापडला. केंद्रकातला डीएनए मात्र ब्रूक ट्राउटचा. नुसता पहिला पुरावा घेतला असता तर जातच चुकली असती.

मासा जिथे सापडला तिथलाच असेल, हे गृहीतही धोक्याचं. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून ट्राउट या नदीतून त्या नदीत सोडले गेले. कोलोरॅडोत ग्रीनबॅक कटथ्रोट हा तिथला ट्राउट वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं मेहनत झाली. २०१२ मध्ये संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांचा डीएनए तपासल्यावर कळलं, की साउथ प्लॅट नदीच्या खोऱ्यातला मूळचा वंश फक्त बेअर क्रीक या ओढ्यात उरला होता आणि तो ओढा त्या खोऱ्याबाहेर आहे! इतकी तळमळ चुकीच्या माशांवर खर्च व्हावी, याचं वाईट वाटतं. म्हणून मासे सोडल्याच्या नोंदी आधी शोधा, आणि जुने नमुने मिळत असतील तर ते जरूर वापरा.

नावावरूनही नातं ठरवू नका. रेनबो ट्राउट पॅसिफिक सॅल्मनच्या जवळचा, ब्राउन ट्राउट अटलांटिक सॅल्मनच्या. १९८९ पर्यंत रेनबोची गणना साल्मो या (अटलांटिक सॅल्मनच्या) प्रजातीतच होत होती, नंतर तो ओंकोऱ्हिंकस या (पॅसिफिक सॅल्मनच्या) प्रजातीत गेला. स्टीलहेड ही वेगळी जात नाही, तो समुद्रात जाऊन येणारा रेनबोच.

नमुने घेताना एकाच जागची पिल्लं उचलू नका. ती सख्खी भावंडं निघाली, तर संपूर्ण नदीऐवजी एका जोडीचंच चित्र मिळतं. वेगवेगळ्या वयाचे मासे थोड्या थोड्या अंतरावरून घ्या, परांचा लहानसा तुकडा लगेच इथेनॉलमध्ये टाका आणि जागेची नोंद तिथल्या तिथे करा.